ग्रीस २०१५ : डावे निवडून आले आणि पाच महिन्यांत बँकांना कुलूप लागलं, ते का?

काळाकातळ

मंडळी, बरेच दिवस मनात घोळणारा विषय आहे. थोडं लांबेल.

२५ जानेवारी २०१५ ला ग्रीसमध्ये सिरिझा हा डावा पक्ष निवडून आला. ३६.३ टक्के मतं, ३०० पैकी १४९ जागा. बहुमताला दोन कमी पडल्या, म्हणून 'इंडिपेंडंट ग्रीक्स' या उजव्या राष्ट्रवादी पक्षाचे १३ खासदार सोबत घेतले. चाळीस वर्षांचे अलेक्सिस त्सिप्रास पंतप्रधान झाले, यानिस वारुफाकिस अर्थमंत्री. आणि २९ जूनला देशातल्या सगळ्या बँका बंद झाल्या.

लोकांनी त्यांना का निवडलं, ते आधी पाहू. २००८ ते २०१३ या काळात ग्रीसचं उत्पन्न जवळपास चौथ्या हिश्श्याने घटलं. बेकारी २७ टक्क्यांपर्यंत गेली, तरुणांमध्ये ती ६० टक्क्यांच्या जवळ. किमान वेतन २०१२ मध्ये महिना ७५१ युरोवरून ५८६ वर आणलं, पंचविशीच्या आतल्यांसाठी ५११ वर. नोकरी गेली की काही काळाने आरोग्यविमाही जायचा, आणि असे विमा नसलेले सुमारे २५ लाख लोक देशात होते. एक कोटी दहा लाखांच्या देशात! युरोपीय देशांनी आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने काटकसरीच्या अटींवर दिलेलं पहिलं कर्जपॅकेज ११० अब्ज युरोचं, २०१० चं. त्यातला मोठा भाग जुनी कर्जं फेडण्यातच गेला. अशा देशात काटकसर थांबवू म्हणणारा पक्ष निवडून आला, तर त्यात मला तरी काही नवल वाटत नाही.

सप्टेंबर २०१४ मध्ये त्सिप्रास यांनी थेस्सलोनिकीला कार्यक्रम जाहीर केला होता. किमान वेतन पुन्हा ७५१, तीन लाख गरीब घरांना फुकट वीज, बारा हजार युरोपर्यंतचं उत्पन्न करमुक्त, घरपट्टीसारखा 'एनफिया' कर रद्द. माझ्या मते यातली बहुतेक कलमं न्याय्य होती. पण त्या सगळ्या कार्यक्रमात एका गोष्टीचं उत्तर नव्हतं : युरो छापण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनी हात आखडता घेतला, तर बँकांत रोकड कुठून येणार?

आणि हात लगेच आखडला गेला. ४ फेब्रुवारीला, म्हणजे निकालानंतर दहा दिवसांत, युरोपियन सेंट्रल बँकेने ग्रीक सरकारी रोखे नेहमीच्या कर्जासाठी तारण म्हणून घेणं थांबवलं. मग ग्रीक बँकांसाठी उरली ती ग्रीसच्या मध्यवर्ती बँकेकडून मिळणारी आणीबाणीची रोकड. तिची मर्यादा पुन्हा फ्रँकफुर्टलाच, म्हणजे युरोपियन सेंट्रल बँकेच्या मुख्यालयातच ठरणार. सुरुवातीला सुमारे ६० अब्ज, जूनअखेर ८९ अब्ज. मध्ये दर आठवड्याला थोडी थोडी वाढवून मिळायची. लोकांनी ठेवी काढायच्या, बँकेने फ्रँकफुर्टकडे बघायचं, असं पाच महिने चाललं. नोव्हेंबर २०१४ ला घरांच्या नि कंपन्यांच्या ठेवी सुमारे १६४ अब्ज युरो होत्या, जुलैअखेर १२१ च्या आसपास.

माझं म्हणणं एवढंच आहे. ग्रीसचा निकाल त्या ठेवीदारांनी लावला. वारुफाकिस विरुद्ध जर्मन अर्थमंत्री शॉयब्ले हा सामना वर्तमानपत्रांनी रंगवला, पण खरी ताकद ओसरत होती ती एटीएममधून. सरकारने पहिल्याच आठवड्यात पैसा बाहेर नेण्यावर निर्बंध घालायला हवे होते. सायप्रसने मार्च २०१३ मध्ये घातले होते, तोही युरोतलाच देश. ग्रीसने तेच केलं, पण तिजोरी रिकामी झाल्यावर. नुकसान तेवढंच झालं, आणि वाटाघाटीचं बळ गेलं ते गेलंच.

तुम्हाला काय वाटतं?

रुईफूल

काळाकातळ, लेख आवडला, पण एक गोष्ट तुमच्या मांडणीतून निसटते. ठेवी निघायला सुरुवात निवडणुकीनंतर झालेली नाही. डिसेंबर २०१४ मध्येच झाली होती. तेव्हाचे पंतप्रधान सामारास यांनी राष्ट्राध्यक्षाची निवड संसदेत दोन महिने अलीकडे ओढली, तिन्ही फेऱ्यांत त्यांच्या उमेदवाराला लागणारी मतं मिळाली नाहीत, आणि २९ डिसेंबरला मध्यावधी निवडणूक अटळ झाली. त्या महिन्यापासून रोकड बाहेर पडत होती. म्हणजे सरकार कोणाचं येणार याच्या नुसत्या अंदाजावर. जे सरकार अजून जन्मालाही आलेलं नाही त्याच्या धोरणाचा हा परिणाम कसा म्हणायचा?

दुसरं, ४ फेब्रुवारीचा निर्णय तुम्ही एखाद्या हवामानाच्या घटनेसारखा सांगितलात. तो निर्णय माणसांनी घेतला. ग्रीक रोखे तारणाच्या दर्जाचे नव्हते हे खरं, पण ते तर आधीही नव्हते. आधीच्या सरकारला त्यासाठी सूट होती, कारण ते कर्जाच्या अटी पाळत होतं. नव्या सरकारची सूट काढली तेव्हा जुना कार्यक्रम संपायलाही तीन आठवडे शिल्लक होते. त्या निर्णयाने ठेवीदाराला काय कळलं? की तुमच्या बँकेमागे उभं असलेलं संस्थान आता एक पाऊल मागे सरकलं आहे. मग तो रांगेत उभा राहणार नाही तर काय करेल? मला या प्रकाराचा मनापासून राग येतो. मध्यवर्ती बँकेचं पहिलं काम बँकेवरची धाव थोपवणं हे असतं.

हिशेबनीस

दोघांचंही वाचलं. बँकांच्या बाजूने बरंच बोलून झालं, मी सरकारी तिजोरीच्या बाजूने बोलतो, कारण सामान्य धंद्याला फटका तिथून आधी बसला.

जुन्या, म्हणजे दुसऱ्या पॅकेजमधला ७.२ अब्जांचा शेवटचा हप्ता मिळायचा होता. ग्रीक रोख्यांवर सेंट्रल बँकेला झालेल्या नफ्यातले सुमारे १.९ अब्जही अडकले. २० फेब्रुवारीला युरोगटाने (युरो वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या गटाने) चार महिन्यांची मुदतवाढ दिली, पण पैसा दिला नाही. बाजारातून उधार मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आणि देणी तर रोजची : पगार, निवृत्तिवेतन, नाणेनिधीचे हप्ते.

मग सरकारने काय केलं? पुरवठादारांची बिलं थांबवली. औषधं पुरवणारा, रस्त्याचं काम करणारा, कराचा परतावा मागणारा निर्यातदार, सगळ्यांना थांबा म्हटलं. एप्रिलमध्ये वटहुकूम काढून नगरपालिका आणि सरकारी संस्थांची शिल्लक मध्यवर्ती बँकेत जमा करायला लावली. महापौरांनी मोठा विरोध केला. मे महिन्यात नाणेनिधीला सुमारे ७५ कोटी युरो द्यायचे होते, ते बहुतांशी नाणेनिधीतल्याच आपल्या राखीव खात्यातून काढून दिले. घरातलं सोनं मोडून घराचा हप्ता भरावा तशी ही अवस्था. जूनमध्ये हप्ते एकत्र बांधून महिनाअखेरीवर ढकलले. ३० जूनला दीड अब्जाहून मोठी रक्कम थकली. नाणेनिधीचा हप्ता चुकवणारा ग्रीस हा पहिला विकसित देश.

युरोपियन कमिशनने २०१४ च्या शरद ऋतूत ग्रीसची २०१५ ची वाढ २.९ टक्के धरली होती. प्रत्यक्षात वर्ष शून्याच्या थोडं खाली संपलं. पर्यटनाचा हंगाम चांगला गेला म्हणून एवढ्यावर निभावलं. हा फरक कोणाच्या नावावर टाकायचा? मी सगळा सरकारच्या नावावर टाकणार नाही, कारण कमिशनचे ग्रीसबद्दलचे आधीचे अंदाजही वर्षानुवर्षं चुकत होते. पण पुरवठादाराची बिलं थांबवण्याचा निर्णय अथेन्समध्येच झाला, एवढं नोंदवून ठेवतो.

दर्यावर्दी

मी या चर्चेतला सगळ्यात कमी शिकलेला माणूस असेन, पण जुलै २०१५ मध्ये आमचं जहाज अथेन्सजवळच्या पिरिअस बंदरात होतं, म्हणून लिहितो.

रोज ६० युरो काढायची मुभा होती हे सगळ्यांनी वाचलंय. प्रत्यक्षात पन्नासच मिळायचे, कारण वीसच्या नोटा संपल्या होत्या. मशीन पन्नासची एक नोट द्यायचं. परदेशी कार्डावर बंधन नव्हतं, त्यामुळे मला हवे तेवढे पैसे निघायचे आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला नाही. त्याच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. मी नंतर तिथे जाणं बंद केलं, बोटीवरच्या पैशात भागवलं.

ज्यांच्याकडे कार्डच नाही अशा निवृत्तांसाठी काही शाखा तीन दिवस उघडल्या. एकदा १२० युरो, आठवड्याभरासाठी. सकाळपासून दारात गर्दी. आरडाओरडा मी पाहिला नाही. लोक एकमेकांना सावलीत जागा देत होते.

खरा गळा आवळला गेला तो आयातीचा. आम्हाला सुटे भाग देणारा दुकानदार सांगत होता की परदेशातला व्यापारी आता आगाऊ पैसे मागतो, आणि आगाऊ पाठवायचे तर समितीची परवानगी लागते, आणि समितीपुढे अर्जांचा ढीग. माल बंदरात, पैसा बँकेत, आणि दोघांची गाठ नाही. कर्ज देणाऱ्यांच्या अटी मान्य करायच्या का, यावर रविवारी झालेल्या सार्वमतात त्याने 'नाही' म्हणून मत दिलं होतं. धंदा बसत असताना का दिलंस, विचारलं. म्हणाला, पाच वर्षं 'हो' म्हणून पाहिलं.

काळाकातळ

दर्यावर्दी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहीत राहा.

रुईफूल, डिसेंबरचा मुद्दा मान्य. पण मग तो माझ्याच बाजूचा होतो ना? जानेवारीत शपथ घेतानाच सरकारला दिसत होतं की रोकड निघते आहे. तरी निर्बंध घातले नाहीत.

रुईफूल

घातले असते तर काय झालं असतं ते बघा. पक्षाचं प्रचारातलं वचन होतं, 'युरोत राहू आणि काटकसर संपवू'. बहुसंख्य ग्रीकांना युरो हवाच होता. पहिल्या आठवड्यात बँकेवर बंधन घातलं की विरोधक म्हणाले असते, बघा, युरोआधीचं जुनं चलन, द्राख्मा, परत येतोय. आघाडी तिथेच फुटली असती. आणि एक साधी गोष्ट : निर्बंध घालूनही रोकड फ्रँकफुर्टहूनच यायची. नळाला चावी बसवली म्हणून विहीर आपली होत नाही.

माझ्या मते मूळ दोष त्या वचनातच होता. दोन्ही एकत्र मिळणार नाही हे लोकांना आधी सांगायला हवं होतं. ते न सांगता मतं घेतली, आणि ५ जुलैला ६१.३ टक्के लोकांनी 'नाही' म्हटल्यावर आठवड्याभरात, १३ जुलैच्या पहाटे, सतरा तासांच्या बैठकीनंतर त्याहून कडक अटींवर सही केली. अर्थशास्त्र बाजूला ठेवा, त्या मतदाराशी झालेलं हे वागणं मला आजही बोचतं.

तिसरी_घंटा

एक तुलना मांडू का? 'डावे आले की अर्थव्यवस्था कोसळते' किंवा 'डाव्यांना कोसळवलं जातं', दोन्ही सरसकट विधानं आहेत, आणि फ्रान्स १९८१ आणि पोर्तुगाल २०१५ शेजारी ठेवले की दोन्ही डळमळतात.

मितेराँ मे १९८१ मध्ये निवडून आले. किमान वेतन १० टक्के वाढलं, बँका आणि मोठे उद्योग राष्ट्रीयीकृत झाले, सुट्टीचा पाचवा आठवडा, निवृत्ती साठीला. त्याच वेळी बाकीचं पाश्चिमात्य जग मंदीत आणि चढ्या व्याजात होतं. फ्रान्समध्ये मागणी वाढली ती आयातीत गेली. फ्रँकचं ऑक्टोबर १९८१, जून १९८२ आणि मार्च १९८३ असं तीनदा अवमूल्यन करावं लागलं आणि शेवटी त्याच सरकारने काटकसर स्वीकारली. पण त्यांच्याकडे स्वतःचं चलन होतं, म्हणून माघार दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने झाली. एकाही बँकेच्या दाराला टाळं लागलं नाही.

पोर्तुगालमध्ये नोव्हेंबर २०१५ ला कोश्ता यांचं समाजवादी सरकार कम्युनिस्ट आणि डाव्या गटाच्या पाठिंब्यावर आलं. युरोतच. किमान वेतन ५०५ वरून २०१९ पर्यंत ६०० युरोवर नेलं, कापलेले पगार परत दिले, तरी तूट घटत गेली आणि २०१९ ला किंचित शिल्लकही पडली. मग ग्रीसला जे जमलं नाही ते यांना कसं जमलं? पोर्तुगाल मे २०१४ मध्येच कर्जाच्या कार्यक्रमातून बाहेर पडला होता. मार्च २०१५ पासून सेंट्रल बँक सरकारी रोखे खरेदी करत होती, त्यात पोर्तुगालचे रोखे बसत होते. तेही कसे, तर चार पतमापन संस्थांपैकी एकीने, कॅनडाच्या डीबीआरएसने, दर्जा टिकवून ठेवला होता म्हणून. ग्रीसला ही खरेदी लागूच नव्हती.

पोर्तुगालचीही दुसरी बाजू आहे. सार्वजनिक गुंतवणूक फार खाली ठेवून त्यांनी हिशेब जुळवला. रुग्णालयं आणि रेल्वे यांनी ती किंमत मोजली. पण लोकांच्या हातात पगार आला आणि बँका उघड्या राहिल्या. म्हणून मला वाटतं, डावा पक्ष निवडून आल्यावर काय होईल हे त्याच्या जाहीरनाम्यापेक्षा त्या दिवशी देश कोणाचा किती देणेकरी आहे आणि चलन कोणाच्या हातात आहे यावर जास्त ठरतं.

पाणकणीस

चर्चा जुलै २०१५ ला थांबते आहे. पण सिरिझा त्यानंतर चार वर्षं सत्तेवर होता! २० सप्टेंबर २०१५ ला पुन्हा निवडूनही आला, १४५ जागांनी. अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा खरा ठसा तिथे पाहायचा.

तिसरं पॅकेज ८६ अब्जांपर्यंतचं. त्यातली कामं डाव्या सरकारने केली. उपाहारगृहांवरचा व्हॅट १३ वरून २३ टक्के, पुढच्या वर्षी २४. पिरिअस बंदराचा बहुसंख्य हिस्सा २०१६ मध्ये चीनच्या कॉस्कोला, १४ विमानतळ जर्मन फ्रापोर्टच्या भागीदारीला १.२ अब्जांत. मे २०१६ च्या कायद्याने निवृत्तिवेतनाची रचना बदलली आणि स्वतंत्र व्यावसायिकांचा विम्याचा हप्ता उत्पन्नाला जोडला : पेन्शनसाठी २० टक्के, आरोग्यासाठी जवळपास ७. वर आयकर. वकील, अभियंते, छोटे दुकानदार. यातले अनेक जण २०१५ ला सिरिझाचेच मतदार होते.

बँकांचं तर काय सांगायचं. आधीच्या वर्षांत सरकारने कर्ज काढून बँकांत भांडवल घातलं होतं. २०१५ च्या अखेरीस शेअर अगदी कवडीमोल भावाने नव्याने विकले गेले आणि सरकारी निधीचा हिस्सा वितळला. युरोबँकेत तो ३५ टक्क्यांवरून अडीचच्या आत आला. जनतेच्या नावावरचं कर्ज मात्र जागेवरच राहिलं. त्या पाच महिन्यांची किंमत मोजायची तर मी इथून सुरुवात करेन.

आता दुसरी बाजू, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. २०१६ च्या कायद्याने विमा नसलेल्यांना सरकारी रुग्णालयं खुली केली. २०१७ पासून अतिगरीब घरांना किमान उत्पन्नाची योजना देशभर लागू झाली. व्याज सोडून २०१६ चं शिल्लकीचं लक्ष्य होतं उत्पन्नाच्या अर्धा टक्का, प्रत्यक्षात साडेतीनच्या वर शिल्लक पडली. त्यातले ६१.७ कोटी युरो डिसेंबरमध्ये सोळा लाख गरीब निवृत्तांना एकदाच वाटले, तर देणेकऱ्यांनी नाराज होऊन ठरलेली कर्जसवलत काही काळ रोखून धरली. म्हणजे मध्यमवर्गाकडून जास्त घेतलं आणि तळाच्या लोकांना थोडं दिलं. काटकसर तीच, वाटप वेगळं. फेब्रुवारी २०१९ ला किमान वेतन ६५० केलं आणि तरुणांचा वेगळा, कमी दर रद्द केला. बेकारी सुमारे २६ वरून १७ टक्क्यांच्या आसपास उतरली. जुलै २०१९ ला मध्यमवर्गाने हिशेब चुकता केला, सिरिझा हरला.

हिशेबनीस

पाणकणीस, तुमच्या प्रतिसादातली एक दुरुस्ती : 'देणेकरी' म्हणजे जो देणं लागतो तो. तुम्हाला धनको म्हणायचं आहे. बाकी मांडणी पटली. शिल्लकीच्या आकड्यात एक गोष्ट मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावी. ती शिल्लक बरीचशी सार्वजनिक बांधकामाचा खर्च लांबवून आलेली होती. पोर्तुगालबद्दल तिसरी_घंटा यांनी जे लिहिलं तेच.

जून २०१८ च्या करारात कर्जाचा मोठा भाग दहा वर्षं पुढे ढकलला गेला. त्या बदल्यात ग्रीसने २०२२ पर्यंत दरवर्षी ३.५ टक्के आणि नंतर २०६० पर्यंत सरासरी २.२ टक्के शिल्लक ठेवण्याचं कबूल केलं. २०१५ ला अठराव्या वर्षी पहिलं मत दिलेली मुलगी २०६० ला त्रेसष्ट वर्षांची असेल.

पाणकणीस

धनको, बरोबर. घाईत लिहिलं, क्षमस्व.

काळाकातळ

२०६० चा आकडा वाचून थोडा वेळ थांबलो.

रुईफूल, तुमच्या विहिरीच्या उदाहरणाने माझं मूळ मत निम्मं बदललं आहे. निर्बंध लवकर घालून काही अब्ज वाचले असते असं अजूनही वाटतं. पण 'दोन्ही मिळेल' हे वचन आधी मागे घेतल्याशिवाय ते घालता आले नसते, हे पटलं. म्हणजे चूक फेब्रुवारीतली नाही, सप्टेंबरमधली आहे, थेस्सलोनिकीची.

दर्यावर्दी

एक विचारायचं राहिलं. बंदरावर तेव्हा एक बाई भेटली होती, हातात लाल रबरी मोजे घातलेली, म्हणाली अर्थखात्यात झाडलोट करायचे. त्या बायकांचं पुढे काय झालं, कोणाला माहीत आहे?

रुईफूल

हो. अर्थखात्याने सप्टेंबर २०१३ मध्ये ५९५ सफाई कामगार बायकांना काढलं होतं. कामाचं कंत्राट खासगी कंपन्यांना गेलं. त्या महिनोन् महिने खात्याच्या दारात बसून राहिल्या, लाल मोजे ही त्यांची खूण. सिरिझाने शब्द दिला होता की तुम्हाला परत घेऊ. मे २०१५ मध्ये, तिजोरीत पैसा नसताना, संसदेने कायदा केला आणि त्या परत कामावर गेल्या. ती नेमणूक तिसऱ्या पॅकेजनंतरही टिकली.